कसाऱ्याला मागून लागणारं इंजिन आणि अकरावीची गणितं

मुंबईहून नाशिकला येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला एक हिसका बसतो. तो पुढून येत नाही, मागून येतो. रोज अप-डाऊन करणारा माणूस डोळेही उघडत नाही, कारण मागे बँकर, म्हणजे घाटात ढकलायला जोडलेलं जादा इंजिन, लागलं हे त्याला झोपेतही कळतं. माझा पुतण्या मात्र दारापर्यंत जाऊन बघून आला आणि म्हणाला, "काका, पुढचं इंजिन एवढं दांडगं आहे, मग मागून ढकलायला आणखी कशाला?"

पोरगं अकरावी सायन्सला. मांडीवर क्लासची वही, वहीच्या शेवटच्या पानावर लाल पेनाने चौकटीत लिहिलेली बावीस सूत्रं. गणित समोर आलं की ही मुलं त्या पानावर बोट फिरवतात, आणि दिलेल्या अक्षरांशी जुळणारं सूत्र सापडलं की आकडे घालून मोकळी होतात. मी त्याला म्हटलं, ते पान मिटव आणि गाडीचाच हिशोब करू. इगतपुरी येईपर्यंत वेळ होताच.

बावीस-चोवीस डब्यांची भरलेली गाडी हजार टनांच्या पुढेच जाते. आपण सरळ 1000 टन, म्हणजे 10 लाख किलो धरू. कसारा ते इगतपुरी रूळ साधारण 300 मीटर वर चढतात. एवढं चढायला लागणारी ऊर्जा काढायची तर वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, म्हणजे 10 लाख गुणिले 9.8 गुणिले 300. उत्तर 294 कोटी ज्यूल. आकडा ऐकून पोरगं खूष झालं. मग मी विजेच्या बिलावरचं युनिट आठवायला सांगितलं. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला, 817 आले.

फक्त 817 युनिट! आमच्या घराचं उन्हाळ्यातलं बिल महिन्याला अडीचशे युनिटांचं येतं. म्हणजे पंखे, फ्रीज आणि गिझर धरून आम्ही सव्वातीन महिन्यांत जेवढी वीज वापरतो, तेवढ्यात प्रवाशांसकट अख्खी गाडी सह्याद्री चढून जाते. घर्षणात आणि इंजिनात वाया जाणारी वीज वेगळी, पण उंचीची किंमत एवढीच. मला स्वतःला हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा चुकलाय असंच वाटलं होतं. तीनदा तपासला.

"मग बँकर कशाला?" प्रश्न होता तिथेच राहिला, उलट आणखी अवघड झाला.

या घाटाचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 आहे. गाडी रुळावरून 37 मीटर पुढे सरकली की 1 मीटर वर जाते. अशा उतारावर उभ्या वस्तूच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला रुळाच्या दिशेने मागे ओढत असतो. 1000 टनांचा सदतिसावा भाग 27 टन, न्यूटनमध्ये जवळजवळ 2 लाख 65 हजार. सपाटीवर तीच गाडी एकसारख्या वेगाने ओढायला दोन-तीन टनांचा जोर पुरतो, कारण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर फारसा विरोध होत नाही. घाट लागला की जोर एकदम दहापट लागतो.

आता हा जोर आणायचा कुठून? इंजिनात कितीही ताकद असली तरी ती रुळापर्यंत पोचते चाकाच्या पकडीतून. पकड म्हणजे घर्षण, आणि घर्षणाला इंजिनाच्या वजनाची मर्यादा असते. इंजिन सव्वाशे टनांचं धरा. रूळ कोरडा असेल तर घर्षण गुणांक, म्हणजे पकड वजनाच्या किती पट ते सांगणारा आकडा, 0.3 मिळेल, म्हणजे 37 टनांची पकड. भागलं. पण जुलैत, धुक्यात, ओल्या रुळावर तो 0.2 वर येतो आणि पकड उरते 25 टनांची. लागणार 27 आणि वर ते दोन-तीन. चाक जागच्या जागी गरगर फिरेल आणि गाडी तिथेच. रुळावर वाळू सोडायची सोय इंजिनात असते ती याचसाठी. पण सगळी भिस्त वाळूवर ठेवता येत नाही. दुसरं इंजिन लावलं की त्याच्या वजनाची पकड वाढते. ते मागे लावण्यात आणखी फायदा आहे. डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवरचा ताण कमी होतो, आणि कपलिंग तुटलंच तर मागचे डबे धरायला कुणीतरी असतं. हा लोहमार्ग 1865 साली सुरू झाला. इंजिनं वाफेची गेली, विजेची आली, पण हा 37 ला 1 चा हिशोब बदलला नाही.

एकाच गाडीला आपण दोन प्रश्न विचारले. किती ऊर्जा लागेल, याचं उत्तर आलं किरकोळ. पुरेसा जोर मिळेल का, याचं उत्तर आलं कठीण. शाळेत बल हा एक धडा आणि ऊर्जा हा पुढचा धडा, त्यामुळे मुलांना ती दोन वेगळी गावं वाटतात. गाव एकच आहे, जायचे रस्ते दोन. कुठल्या रस्त्याने जायचं हे आधी ठरवता आलं पाहिजे, आणि नेमकं ते लाल चौकटीत लिहिलेलं नसतं.

यासाठी मी घाटातून उतरून मार्केट यार्डात जातो. पंचवटीतल्या यार्डात ट्रकमधून गोण्या उतरवताना हमाल कधी कधी एक लांब फळी लावतात. फळीचं एक टोक ट्रकच्या हौद्यावर, दुसरं जमिनीवर. गोणी वरून सोडायची, ती घसरत खाली येते. हौदा जमिनीपासून 1.2 मीटर, फळी 3 मीटर, बटाट्याची गोणी 50 किलो, आणि वापरून गुळगुळीत झालेल्या फळीचा घर्षण गुणांक समजा 0.3. गोणी खाली पोचताना तिचा वेग किती?

आधी चित्र. गोणीचं नुसतं चौकोनी ठोकळं काढा आणि तिच्यावर कोण कोण जोर लावतंय ते बाणांनी दाखवा. इथे माझा एकच नियम आहे: प्रत्येक बाणाला मालक पाहिजे. खाली जाणारा बाण कुणाचा? पृथ्वीचा. फळीला काटकोनात वर येणारा? फळीचा. फळीच्या बाजूने वर, गोणीला अडवणारा? तोही फळीचा, घर्षणाचा. संपलं. पण दहातली सात मुलं उताराच्या दिशेने आणखी एक बाण काढतात. विचारलं की सांगतात, "गोणी खाली चाललीय ना, तिचा जोर." हा जोर देतंय कोण? कुणीच नाही. तो गोणीचा वेग आहे, आणि वेग म्हणजे बल नव्हे. असा बिनमालकाचा बाण खोडला की अर्धी गणितं आपोआप सुटतात.

दुसरी चूक जास्त चोरटी. फळी गोणीला वर किती जोराने ढकलते? मुलं लिहितात, वजनाइतकं, म्हणजे 490 न्यूटन. फळी आडवी असती तर बरोबर होतं. ती तिरकी आहे, त्यामुळे वजनाचा काही भाग फळीत दाबला जातो आणि काही भाग गोणीला खाली ओढण्यात जातो. दाब येतो 449 न्यूटन. त्याच्या 0.3 पट, साधारण 135 न्यूटन, हे घर्षण. उताराच्या दिशेने वजनाचा भाग 490 चा 1.2 भागिले 3, म्हणजे 196. वजाबाकी 61 न्यूटन, 50 किलोने भागलं की त्वरण 1.22 मीटर प्रति सेकंद वर्ग. तीन मीटर अंतरात वेग होतो सेकंदाला 2.7 मीटर.

आता दुसरा रस्ता. वर असताना गोणीची स्थितिज ऊर्जा 588 ज्यूल. घर्षणाने तीन मीटरमध्ये खाल्ली 404 ज्यूल, ती फळी आणि गोणपाट किंचित गरम करण्यात गेली. उरलेली 184 ज्यूल गतिज ऊर्जा. त्यातून वेग काढा, पुन्हा 2.7. पुतण्याने दोन्ही रस्त्यांनी करून पाहिलं आणि उत्तरं जुळल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी आधीच संगनमत करून ठेवलं होतं.

ऊर्जेचा रस्ता जवळचा. मधे काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, सुरुवात आणि शेवट कळला की झालं. घसरगुंडी वाकडीतिकडी असली आणि घर्षण नसलं तर तोच एक रस्ता सोयीचा, कारण वाकड्या वाटेवर त्वरण क्षणोक्षणी बदलत असतं. पण खाली गोणी धरायला उभ्या असलेल्या माणसाने विचारलं की ती किती वेळात येईल, तर ऊर्जेचा हिशोब गप्प बसतो. वेळ हवा असेल तर त्वरणाकडे जावं लागतं: 2.7 भागिले 1.22, सव्वादोन सेकंद.

या हिशोबात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही रस्त्यांवर शेवटी 50 किलो कापले जातात. गोणी 20 किलोची असो की 80 ची, वेग तोच. आणि गोणी घसरेल की फळीवरच अडकून बसेल हे ठरतं फक्त एका भागाकाराने: हौद्याची उंची भागिले फळीच्या दोन टोकांमधलं जमिनीवरचं अंतर. हा आकडा घर्षण गुणांकापेक्षा मोठा असेल तर गोणी घसरते. इथे 1.2 भागिले 2.75, म्हणजे 0.44. हे 0.3 च्या वर आहे म्हणून गोणी चालते. यार्डातला जुना हमाल गोणी फार जोरात येतेय असं दिसलं तर फळीचं खालचं टोक पायाने वीतभर बाहेर ढकलतो. भागाकारातला खालचा आकडा वाढवतो तो, कागद-पेन न घेता.

उत्तर आलं की त्याला जरा चिमटा काढून बघावा. घर्षण शून्य धरलं तर वेग सेकंदाला 4.85 मीटर येतो, म्हणजे 1.2 मीटरवरून सरळ खाली पडणाऱ्या वस्तूइतकाच. तसाच यायला हवा. मी स्वतः अकरावीत असताना असंच बिनघर्षणाचं एक गणित सोडवून सेकंदाला 48.5 मीटर असं बाणेदार उत्तर लिहिलं होतं. सरांनी काही न बोलता बाजूला लिहिलं, ताशी 175 किलोमीटर, आणि त्याच्यापुढे एक गोणीचं चित्र काढलं, पंख लावलेलं. मी उंची सेंटिमीटरमध्ये घातली होती, 120. त्यानंतर आजतागायत एकक न लिहिता आकडा लिहायला हात धजत नाही.

मुलं ज्यावर हमखास भांडतात तो गुरुत्व त्वरण 9.8 धरायचं की 10, हा वाद मात्र फारसा महत्त्वाचा नाही. नाशिकच्या अक्षांशावर आणि उंचीवर हा आकडा 9.78 च्या जवळपास येतो, विषुववृत्तावर थोडा कमी आणि ध्रुवांवर 9.83. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना कळसूबाई दिसतं, उंची 1646 मीटर. 50 किलोची गोणी समुद्रसपाटीवरून तिथे नेली आणि नुसत्या उंचीचा हिशोब केला, तर स्प्रिंगच्या काट्यावर ती पंचवीसेक ग्रॅमने हलकी भरेल. तराजूत मात्र काहीच फरक दिसणार नाही, कारण वजनंही तेवढीच हलकी झालेली असतात. वर गेलं की गुरुत्व संपतं, हा समज तर काढूनच टाका. 400 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकातही ते जमिनीवरच्या 88 टक्के असतं. तिथली माणसं तरंगतात, कारण ती स्थानकासकट सतत पडत असतात.

त्याच भंडारदऱ्याच्या रस्त्याने पुढे घाटघर आहे. तिथे ऊर्जा अक्षय्यतेचा नियम जणू रोजगार हमीवर लावलाय. सह्याद्रीच्या कड्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरा, मधली उंची चारशे मीटरच्या वर. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडून 250 मेगावॉटपर्यंत वीज करायची, मागणी घटली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. हजार लिटर पाणी 400 मीटर खाली आलं की हिशोबाने 39 लाख ज्यूल, म्हणजे एक युनिट आणि वर थोडं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत एवढं पाणी असतं! 250 मेगावॉटसाठी दर सेकंदाला अशा निदान चौसष्ट टाक्या रिकाम्या व्हाव्या लागतात. अशा प्रकल्पांत पाणी चढवायला चार युनिट घातले तर उतरताना तीनेक परत मिळतात. उरलेलं एक युनिट नाहीसं होत नाही, पंपात, पाइपात आणि तारांत उष्णता होऊन बसतं. आपल्या बटाट्याच्या गोणीचे ते 404 ज्यूल तसेच.

इगतपुरीला गाडी थांबली. मागचं बँकर सुटलं. फलाटावर वडापाववाल्यांची गर्दी उसळली, आणि पुतण्या तोंडात घास असतानाच म्हणाला, "ते इंजिन आता रिकामंच खाली जाणार ना? सव्वाशे टन, तीनशे मीटर." वही उघडली. शेवटचं पान नाही, कोरं पान. 102 युनिट.

जुन्या धर्तीचं इंजिन असेल तर उतारावर ब्रेक लावताना हे युनिट टपावरच्या रोधकांत तापून हवेत जातात, आणि नव्या थ्री-फेज इंजिनात मोटरच जनित्र होऊन वीज वरच्या तारेत परत सोडते. ती तार घाट चढणाऱ्या गाड्यांचीही आहे. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून बँकर कुठल्या जातीचं आहे ते पाहायचा प्रयत्न केला, पण तोवर ते वळणापलीकडे गेलं होतं.