नीरम (लाकडी शिडाच्या होडीतलं वजन आणि तोल)

नीरम म्हणजे होडीचा तोल राहावा म्हणून तळाशी भरलेलं वजन, बहुतेक दगड नाहीतर रेती. माल भरलेला असला की मालच नीरमाचं काम करतो, रिकामं परतताना ते मुद्दाम भरावं लागतं. आपल्या बेळगावकडं समुद्र नाही, आंबोली घाट उतरून वेंगुर्ला गाठावं लागतं, पण तोलाची गोष्ट इथं काहिलीवरून समजते. चिकोडी-रायबाग भागात कृष्णेला पूर आला की गुळाची काहील (उसाचा रस आटवायची मोठी कढई) माणसं बसवून पाण्यात सोडायचे, ती रुंद म्हणून सहज कलंडत नाही, पण सगळे एका कडेला सरकले की काठावरून पाणी आत. शीड मात्र तिला चालायचं नाही, खाली पठाण (तळकणा) नाही, गरगर फिरेल.

वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. त्याला उत्तर म्हणजे रुंदी नाहीतर खालचं वजन. रुंदीचा सावरायचा जोर तिच्या घनाच्या हिशोबानं वाढतो, म्हणजे १० टक्के रुंदी वाढवली की तो साधारण ३३ टक्के वाढतो, पण रुंद होडी पाणी ढकलत चालते, वेग जातो. नीरम वाढवलं तर ती खोल बसते, खाडीत टेकते, आणि सगळं तळाशीच गच्च भरलं तर इतक्या झटक्यानं सरळ होते की डोलकाठीला हिसके बसतात. खरं महाग पडतं ते वरचं वजन: गुरुत्वमध्याच्या वर ८ मीटरवरचे १० किलो सावरायला खाली १ मीटरवर ८० किलो लागतात, म्हणून काठी आणि परभाण (शीड बांधायचा आडवा वासा) हलकं हवं. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, म्हणजे नुसती सागवानी होडी पाण्यानं भरली तरी तरंगते, बुडवतात ते दगड!

मराठा आरमारातली गलबतं अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत फार तर ७० टनांची, गुरबा (त्याहून मोठी लढाऊ जहाजं) १५० ते ३०० टनांच्या, कमी पाण्यात चालणाऱ्या, रुंद. ‘गुरब’ हा अरबी ‘गुराब’ (कावळा) वरून आला हे बहुतेकांना मान्य आहे. ‘गलबत’वर मात्र वाद आहे, कुणी पोर्तुगीज ‘गलेओता’कडं बोट दाखवतं, कुणी अरबी ‘जल्बा’कडं, उच्चार बघता पोर्तुगीज बाजू जरा जवळची वाटते, पण मधला ‘ब’ कुठून आला ते त्यातही नीट सुटत नाही.

कोकणातली उलांडी हा तिसरा मार्ग, अरुंद होडीच्या बाजूला दांड्यांवर बांधलेला हलका ओंडका. त्यात दगड लागत नाहीत, पण धक्क्याला लावताना ती बाजू आडवी येते.