दोन्ही सेंद्रियच, पण नाकाला एकच कळतं

ओहोटीच्या वेळी लोकल वाशीच्या खाडीपुलावर चढली की अर्ध्या डब्याचे रुमाल नाकाशी जातात. परवा समोरच्या पोराने बापाला विचारलं, "बाबा, हा कसला वास?" बाप पेपरातून मान न काढता म्हणाला, "सेंद्रिय प्रदूषण." पोरगं जरा थांबून म्हणालं, "म्हणजे आपल्या सेंद्रिय गुळासारखं?"

यात पोराची काही चूक नाही. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं, बस. त्यात गूळ आला, मैला आला आणि डीडीटी हे कीटकनाशकही आलं. त्यामुळे त्या पुलाखालच्या ठाण्याच्या खाडीत साठणाऱ्या दोन पार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जातात: एक लवकर कुजणारं सांडपाणी, दुसरी वर्षानुवर्षं न कुजणारी रसायनं. दुसरीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पीओपी' म्हणायची सोय होती, पण आपल्याकडे पीओपी म्हणजे गणपतीची मूर्ती, तेव्हा तेही नको. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषक म्हणू.

आधी वासाचं बघू. तो सांडपाण्याचा. मैला, खरकटं, साबणाचं पाणी हे सगळं जिवाणूंचं खाद्य. ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. किती वापरला, ते म्हणजे बीओडी. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांना ३ दिवस चालते. मोजमाप दिवसांत आहे, यावरूनच कळतं की हा माल संपणारा आहे. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. ते खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच सडक्या अंड्याचा वास. ऐरोलीकडे तिवरांच्या कडेला गाळात काठी खुपसून बघा: वर तपकिरी साय, बोटभर खाली काळाकुट्ट लगदा. तो काळा रंग लोह आणि सल्फाइडच्या संयुगाचा. काठी उन्हावाऱ्यात ठेवली की काळेपणा हळूहळू उतरायला लागतो. आणि एक, तिवरांचा गाळ स्वच्छ खाडीतही थोडा वास मारतोच, कारण तिथे पानं कुजत असतात. सगळं खापर गटारावर फोडू नये.

आता दुसरी गोष्ट. डीडीटी, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी, कचरा जाळताना तयार होणारे डायॉक्सिन. या रेणूंत कार्बनला क्लोरीन असा घट्ट जोडलेला असतो की तो सोडवणं बहुतेक जिवाणूंच्या आवाक्याबाहेरचं काम. जमिनीत डीडीटी निम्मा व्हायला २ ते १५ वर्षं लागतात, म्हणजे ३ दिवसांची चाचणी इथे बिनकामाची. स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय करारात २००१ साली अशा १२ रसायनांची पहिली यादी झाली. भारताने करार २००६ मध्ये मान्य केला. शेतीत डीडीटीवर बंदी त्याआधीच, १९८९ मध्ये आली होती, पण मलेरियाच्या फवारणीला सवलत राहिली.

या रसायनांना पाणी आवडत नाही. तेलासारखा द्रव आणि पाणी एकत्र ठेवून त्यात डीडीटी टाकला, तर पाण्यात एक भाग उरतो तेव्हा तेलाकडे दहा लाखांहून जास्त भाग गेलेले असतात. म्हणून खाडीचं पाणी बाटलीत भरून तपासलं तर हाती फारसं लागत नाही. माल असतो गाळात, बारीक चिकणमातीच्या कणांवरच्या कार्बनला चिकटलेला. हा कार्बन येतो कुठून? बराचसा त्याच सांडपाण्याच्या आणि पालापाचोळ्याच्या उरल्यासुरल्या भागातून. म्हणजे पहिलं प्रदूषण दुसऱ्याचं अंथरूण. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच चर्चेत येत नाही.

गाळ वयही सांगतो. हवा मिळाली तर डीडीटीचा डीडीई होतो, ऑक्सिजन नसलेल्या काळ्या थरात डीडीडी होतो. नमुन्यात ही पिलावळ जास्त तर माल जुना, मूळ डीडीटी जास्त तर ताजा.

उपायही वेगळे. वासाला सांडपाणी प्रक्रिया केंद्र पुरतं. तिथे डीडीटी गेला तर तो मरत नाही, केंद्राच्या तळाशी साचणाऱ्या मळीत जाऊन बसतो. गाळ उपसला की वासाचं कारण उचललं जातं, पण खाली गाडलेला जुना माल ढवळून वर येऊ शकतो. कधी कधी त्यावर स्वच्छ मातीचा थर बसू देणं शहाणपणाचं ठरतं. उपसा सुरू झाला की आपण टाळ्या वाजवतो, म्हणून हे सांगितलं.

फ्लेमिंगोंनाही दोन्हींचा हिशेब वेगळा लागतो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ पोसतं आणि ते त्यांचं खाद्य. २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेल्या या खाडीतलं हे जरा अवघडच सत्य. टिकाऊ प्रदूषक मात्र किड्यातून निवटी माशात, निवटीतून बगळ्यात, चरबीच्या वाटेने पायरीपायरीने वाढत जातात. मासा उकळून ते जात नाहीत. त्याची कातडी आणि चरबी काढून टाकली तर थोडे कमी होतात, इतकंच.

बाजारात खाडीची बोय घेताना मी मासळीवालीला विचारलं, "मावशी, वासावरून सगळं कळतं ना?" तिने कल्ले उघडून लाल दाखवले. म्हणाली, "ताजा हाय का शिला, तवरा कलतं. बाकीचा मना नको इचारू."