गिअर ऑइल आणि ट्रॅक्टर हायड्रॉलिक ऑइल: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत कुठलं?

साठ-सत्तरच्या दशकातला एखादा गार्डन ट्रॅक्टर हाती आला, व्हील हॉर्स म्हणा, कब कॅडेट म्हणा की जॉन डिअर ११०, की इंजिनाचं ऑइल कुणी फारसं विचारत नाही. ते बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो मागच्या पेटीपाशी, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या खोक्यापाशी. समोर दोन डबे असतात. एकावर ‘८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल’ आणि दुसऱ्यावर ‘ट्रॅक्टर हायड्रॉलिक व ट्रान्समिशन ऑइल’ असं लिहिलेलं असतं. दोन्हीवर ट्रॅक्टरचं चित्र, दोन्हीवर गिअरचं संरक्षण करण्याची हमी. मग प्रश्न पडतो, यातलं चांगलं कुठलं? खरं तर दोन्ही चांगली आहेत. विचारायचं ते इतकंच की त्या पेटीत आहे काय: नुसते गिअरचे दाते, की हायड्रॉलिक पंपही?

नुसते दाते असतील तर काम सरळ आहे. जुन्या गिअरवाल्या गार्डन ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) बहुधा एकाच खोक्यात असतात, त्याला ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात. बऱ्याच मॉडेलांत क्लच म्हणजे बाहेरचा पट्टा सैल करणं, त्यामुळे क्लचचा आणि आतल्या ऑइलचा संबंधच येत नाही. तळाशी ऑइल साठलेलं, दाते त्यात बुडून फिरतात आणि ते वर उडवतात. दोन दाते एकमेकांवर दाबले गेले की मधला थर पिळून बाहेर जाऊ पाहतो. म्हणून गिअर ऑइल जाड असतं आणि त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. जिथे घर्षणाने पोलाद तापतं तिथे ही रसायनं त्याच्याशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतात. दात्यांऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो तो याच गंधकाचा, आणि जुन्या पेटीत काय भरलंय हे ओळखायला नाक हे वाईट साधन नाही.

हायड्रॉलिक-ट्रान्समिशन ऑइलवर मात्र एकाच वेळी अनेक कामं असतात. त्याने गिअर सांभाळायचे, हायड्रॉलिक पंपाचा दाब पुढे पोचवायचा, ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक नि क्लच न घसरता, न किंचाळता धरू द्यायचे आणि थंडीतही वाहायचं. त्यामुळे ते पातळ असतं. १०० अंश सेल्सिअसला त्याची जाडी साधारण ९ ते १० सेंटिस्टोक्स (जाडी मोजायचं एकक) भरते, तर ९० नंबरच्या, म्हणजे त्या ८०डब्ल्यू-९० सारख्या गिअर ऑइलची आजच्या प्रमाणानुसार १३.५ ते १८.५.

हा फरक हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये जिवावर बेततो. गिअर बदलायचा दांडा नाही, एकच वेगाचा दांडा पुढे-मागे केला की ट्रॅक्टर पुढे-मागे जातो, ती हायड्रो. तिच्या आत तिरक्या तबकडीवर फिरणारे पिस्टन ऑइल ढकलतात आणि ते ऑइल मोटर फिरवतं. पिस्टन आणि त्याच्या भोकातली फट मायक्रॉनमध्ये मोजायची. तिथे ९० नंबरचं ऑइल घातलं तर थंड असताना पंपाला ते पुरेसं ओढताच येत नाही. ऑइलमध्ये पोकळ्या तयार होऊन फुटतात, पंप कण्हू लागतो, पृष्ठभाग खरवडले जातात. जुन्या हायड्रो पंपाचे सुटे भाग मिळवायची खटपट ज्याने केली आहे तो ही चूक कधीच करणार नाही.

उलटी चूक तितकी घातक नाही. गिअरच्या पेटीत पातळ ऑइल पडलं तर आवाज वाढेल, जुनी सीलं पाझरतील, जड ओझ्याखाली दाते थोडे लवकर झिजतील, पण पेटी त्याच दिवशी बंद पडत नाही. कब कॅडेट बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने तर गिअरच्या कब कॅडेटलाही आपलं हायट्रान हे हायड्रॉलिक-ट्रान्समिशन ऑइलच सांगितलं होतं. हायड्रो मॉडेलमध्ये पंप मागच्या खोक्यालाच जोडलेला आणि दोघांचं ऑइल एकच, त्यामुळे तिथे दुसरा पर्याय नव्हताच. तेव्हा ‘गिअर म्हणजे ९०’ हा नियमही डोळे मिटून पाळायचा नाही. उत्पादकाचा कागद मिळाला तर तोच खरा.

‘केस’ कंपनीच्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरमध्ये आणखी गंमत आहे. त्यात हायड्रॉलिक मोटर ट्रान्सअ‍ॅक्सलला फिरवते. हायड्रॉलिक टाकीत इंजिन ऑइल आणि ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये ९० नंबर, म्हणजे एकाच यंत्रात दोन ऑइलं! व्हील हॉर्सच्याही काही हायड्रोंना साधं इंजिन ऑइलच चालतं. म्हणून ‘हायड्रो म्हणजे हायड्रॉलिक ऑइल’ हेही अर्धसत्यच.

इथे आकड्यांनी फसायला होतं. इंजिन ऑइल ५० आणि गिअर ऑइल ९० म्हणजे दुसरं जवळपास दुप्पट जाड, असं वाटतं. तसं नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, जसं तेच तापमान सेल्सिअसमध्ये ३७ आणि फॅरेनहाइटमध्ये ९८.६. गिअरचं ९० हे इंजिनाच्या ४० ते ५० च्या आसपासच येतं. हायड्रॉलिक ऑइलच्या डब्यावरचे ४६, ६८ हे आकडे तर तिसऱ्याच पट्टीचे, ४० अंशांना मोजलेले. आणि हे ४६-६८ वालं साधं हायड्रॉलिक ऑइल ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीसाठी नसतंच. त्यात दात्यांसाठीची आणि बुडीत ब्रेकसाठीची रसायनं ट्रॅक्टरच्या ऑइलइतकी नसतात.

गिअर ऑइलच ठरलं तर पुढचा वाद जीएल-४ की जीएल-५, म्हणजे गिअर ऑइलच्या दोन श्रेणींपैकी कुठली. जीएल-५ मध्ये दाबविरोधी रसायनं ढोबळमानाने दुप्पट असतात. ती मोटारीच्या हायपॉइड डिफरन्शिअलसाठी, जिथे दाते एकमेकांवर जास्त घसरतात. त्यातलं सक्रिय गंधक तापल्यावर पितळ आणि काशावर चढतं, आणि जुन्या पेट्यांत काशाची बुशिंग (दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी) असू शकतात. आता पुष्कळ जीएल-५ ऑइलं तांब्याच्या पट्टीच्या चाचणीत (ऑइल तांब्याला किती खातं हे पाहणारी) बरी उतरतात आणि गार्डन ट्रॅक्टरची पेटी सहसा इतकी तापतही नाही. त्यामुळे जीएल-५ घातलं म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. तरी आत पिवळा धातू आहे की नाही हे माहीत नसेल तर मी जीएल-४ घेईन. या कामाला ते पुरतं.

हायड्रॉलिक ऑइल घेताना एका आकड्यापासून दूर राहा: ३०३. हे जॉन डिअरचं जुनं मानक. त्या काळच्या ऑइलमध्ये घर्षण नियंत्रित करायला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. १९७० साली तो देवमासा अमेरिकेत संकटग्रस्त ठरला आणि ते ऑइल इतिहासजमा झालं. पण ‘३०३’ हे नाव स्वस्त डब्यांवर कित्येक दशकं टिकलं, आत काय आहे याची कसलीही खात्री नसताना. पुढे मिसुरीसारख्या राज्यांनी अशा डब्यांच्या विक्रीवर बंदी घातली. डब्यावर सध्या चालू असलेलं मानक छापलेलं नसेल तर तो डबा जागेवरच राहू द्या.

कागद नाही आणि आधीच्या मालकाने काय ओतलं तेही माहीत नाही, अशी वेळ बहुतेक वेळा येते. थोडं चालवून पेटी कोमट करा आणि प्लग उघडून पारदर्शक भांड्यात काढा. उग्र वासाचं जाड ऑइल निघालं तर गिअर ऑइल. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. हायट्रान पाणी स्वतःत धरून ठेवतं आणि पांढुरकं होतं, म्हणून ते दिसलं की बदलायची वेळ आली समजा. हायड्रोमध्ये गिअर ऑइल सापडलं तर एकदा भरून भागत नाही. पहिली भरती थोडी चालवून काढून टाका, फिल्टर बदला आणि पुन्हा भरा. आणि प्लग उघडून काहीच वाहिलं नाही, आत घट्ट ग्रीस दिसलं, तर घाबरू नका. पीअरलेस कंपनीच्या ७०० मालिकेसारख्या हलक्या पेट्या कारखान्यातूनच ग्रीस भरून येत, त्यांची सीलं ऑइल थोपवण्यासाठी केलेलीच नसतात. तिथे यातलं कुठलंच ऑइल नको.