कोंबड्या परसात सोडण्याआधी: कण्हेर, एरंड आणि निर्माल्य

आमच्याकडून गावरान पिल्लं, तलंगा नेताना बरेच जण विचारतात, "अंगणात कण्हेर आहे, उपटून टाकू का?" पूजेच्या फुलांचं झाड उपटा, असं आम्ही सांगत नाही. पण हे वाचून मगच खुराडं उघडा.

पोट भरलेली, हिंडायला जागा असलेली कोंबडी कण्हेरीच्या कडू पानाला सहसा चोच लावत नाही. घात होतो तो ती उपाशी किंवा कोंडलेली असताना. म्हणून सकाळी आधी दाणा टाका, मग सोडा. पिल्लं मात्र दिसेल त्यावर चोच मारतात. अडीच महिन्यांची होईपर्यंत त्यांना जाळीतच ठेवा.

कण्हेरीचं पान, फूल, खोड, सगळंच हृदयावर घाला घालणारं. पान वाळलं की कडूपणा कमी होतो, विष तसंच राहतं. त्यामुळे उभ्या झाडापेक्षा छाटलेल्या फांद्या जास्त धोक्याच्या. त्या त्याच दिवशी गोळा करून खोल पुरा. जाळू नका, धूरही बाधतो. हा पाचोळा खुराड्यात अंथरू तर नकाच. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, असेल तर खाली पडलेली फळं रोज वेचा.

एरंडाच्या बिया विषारी हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आम्हाला जास्त धास्ती पेंडीची वाटते. तेल काढलं तरी विष पेंडीत राहतं, आणि खत म्हणून वाफ्यात घातलेली पेंड कोंबडी उकरून काढणारच. त्याऐवजी शेणखत किंवा गांडूळखत घाला.

गुंजेचा वेल कुंपणावर असेल तर काढून टाका. बी टणक असते, पण कोंबडीच्या पेट्यातल्या खड्यांनी ती भरडली गेली की विष मोकळं होतं.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती निर्माल्याची. शनिवारी मारुतीला वाहिलेली रुईची पानं, महाशिवरात्रीचं धोतऱ्याचं फळ परसात टाकलं जातं आणि कोंबड्या तिथे जमतात. निर्माल्यासाठी झाकणाचा खड्डा करा. हिरवट बटाट्याची सालं, कच्चा राजमा आणि अ‍ॅव्होकाडोही उकिरड्यावर नको.

सावलीसाठी शेवगा, तुती लावा. त्यांचा पाला कोंबड्यांनी खुशाल खावा.

कोंबडी अचानक सुस्त झाली, पंख ढिले पडले, तोल जाऊ लागला, तर तिला सावलीत वेगळी ठेवा, साधं पाणी द्या. मीठपाणी, तेल पाजू नका. मिठानेही कोंबडी दगावते. मानमोडी (राणीखेत) या रोगातही अशीच लक्षणं दिसतात, तेव्हा अंदाज न बांधता जनावरांच्या दवाखान्यात न्या. ज्या झाडाचा संशय असेल त्याची डहाळी सोबत घ्या. दगावलेली कोंबडी शिजवू नका, कुत्र्यालाही घालू नका.

परसातलं एखादं झाड ओळखता येत नसेल, तर पान-फुलाचा फोटो घेऊन दुकानात या. सोबत बसून बघू.