झांग जुए आणि झांग लू: आडनाव एक, वाटा दोन

चीनमधल्या हान साम्राज्याच्या पडत्या काळातले हे दोन धर्मगुरू हमखास एकमेकांत मिसळतात. दोघेही झांग, दोघांचे पंथ ताओ विचारातून आलेले, आणि दोघांकडेही आजाऱ्याला आधी स्वतःच्या पापांची कबुली द्यावी लागे. भरीला, इ.स. १८४ मध्ये पिवळ्या फेट्यांचे बंड पेटले त्याच वर्षी नैर्ऋत्येच्या बा भागात झांग शिऊ नावाचा तिसराच गुरू उठला.

बंडाचा नेता झांग जुए. तो उत्तरेतल्या जुलूचा, म्हणजे आजच्या हबेई प्रांतातला. रोगराईने आणि दरबारातल्या खोजांच्या मनमानीने पिचलेल्या लोकांना तो मंतरलेले पाणी देई आणि महाशांतीचे युग येणार असल्याचे सांगे. दहाएक वर्षांत आठ प्रांतांत त्याचे लाखो अनुयायी झाले. त्यांचे ३६ विभाग होते. मोठ्या विभागात दहा हजारांहून जास्त माणसे, लहानात सहा-सात हजार. ‘निळे आकाश मेले, पिवळे आकाश उगवणार’, म्हणजे जुनी राजवट जाऊन नवी येणार, अशी त्यांची घोषणा होती. साठ वर्षांच्या कालचक्राचे पहिले वर्ष, १८४, हा मुहूर्त ठरला. राजधानी लोयांगमध्ये मा युआनयीने काही खोजांनाही फोडले होते. पण एका शिष्याने फितुरी केली, मा युआनयीला रथांना बांधून फाडण्यात आले आणि उठाव ठरल्याआधीच करावा लागला. वर्ष संपण्याआधी जुए आजाराने गेला. सेनापती हुआंगफू सोंगने त्याची शवपेटी उघडून शिर राजधानीला पाठवले. झांग बाओ आणि झांग लिआंग हे त्याचे भाऊही मारले गेले.

झांग लूला त्याच अर्थाने बंडखोर म्हणणे मला पटत नाही. त्याला आकाश बदलायचे नव्हते. पंथात येणाऱ्याकडून पाच मापे तांदूळ घेण्याची रीत त्याच्या आजोबांच्या, झांग लिंगच्या काळापासूनची. सिचुआनच्या सुभेदाराने त्याला हानझोंग खोरे घ्यायला पाठवले. त्याने ते घेतले आणि जवळपास पाव शतक स्वतःच चालवले. तिथे सरकारी अधिकारी नव्हते, कारभार पंथाचे पुरोहितच पाहत. वाटसरूंसाठी धर्मशाळांत तांदूळ आणि मांस ठेवलेले असे. ज्याने त्याने भुकेपुरते घ्यावे. गुन्हेगाराला तीनदा माफी, शिक्षा त्यानंतर. किरकोळ चूक असेल तर शंभर पावले रस्ता दुरुस्त करायचा. ज्या काळात गावेच्या गावे ओस पडत होती, त्या काळात लोक तिथे का जात असतील ते यावरून कळते.

२१५ मध्ये हान दरबारावर पकड असलेला सेनापती त्साओ त्साओ चालून आला. कोठारे जाळून टाका, असा सल्ला लूला मिळाला. पण ही राज्याची संपत्ती आहे म्हणत त्याने ती मोहोरबंद करून ठेवली. नंतर तो शरण गेला, तेव्हा त्याला सरदारकी मिळाली. त्याच्या अनुयायांना मोठ्या संख्येने उत्तरेत हलवण्यात आले, आणि त्यांचा पंथ तिकडेही पसरला. ‘स्वर्गीय गुरूंची परंपरा’ म्हणून ओळखला जाणारा हा पंथ आजही चालू आहे. झांग जुएचा पंथ मात्र संघटना म्हणून पुन्हा उभा राहिला नाही.