स्प्रिंगवर चालणारे खेळण्यातले हवाई पिस्तूल

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये साठवलेली ऊर्जा हवेच्या झोतामार्फत हलक्या गोळीला किंवा फोमच्या तीराला देणारे, हातात धरायचे खेळणे. त्यात दारू नसते, वायूची कुपी नसते आणि बॅटरीही नसते. प्रत्येक नेमासाठी लागणारी सगळी ऊर्जा खेळणाऱ्याच्या दंडातून येते. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) किंवा मूठ मागे ओढताना ती स्प्रिंगमध्ये जमा होते आणि चाप ओढला की काही मिलिसेकंदांत मोकळी होते.

स्प्रिंग गोळीला ढकलते, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात स्प्रिंगची आणि गोळीची कुठेच गाठ पडत नाही. स्प्रिंग दट्ट्याला ढकलते, दट्ट्या सिलिंडरमधली हवा दाबतो आणि ती हवा गोळीला नळीतून बाहेर काढते. मधल्या या हवेमुळेच यंत्राची सारी रचना ठरते. स्प्रिंग कितीही ताकदीची घातली, तरी हवा कडेने निसटत असेल तर गोळी चार हातांवर पडते. उलट, बेताची स्प्रिंग आणि चोख बसलेली रबरी कडी असलेले पिस्तूल सरळ आणि दर वेळी सारख्याच जोराने मारते.

रचना व कार्य : प्लॅस्टिकच्या ६ मिमी. छर्ऱ्यांवर चालणारे पिस्तूल उघडले, की बाहेरचे कवच एबीएस प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या भागांचे असून स्क्रूंनी जोडलेले दिसते. आत पुढच्या बाजूला पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत नळी, तिच्या मागे रबरी बाही बसवलेली कोठी, त्यामागे अरुंद तोंडाचे नोझल असलेले सिलिंडर, सिलिंडरात दट्ट्या आणि दट्ट्याच्या पोकळ पाठीत शिरलेली स्प्रिंग, अशी मांडणी असते. मुठीत मॅगझिन, म्हणजे छर्रे भरायची डबी, बसते. चाप, त्याचा दांडा आणि दट्ट्याला अडवून धरणारी खिटी यांची जोडणी मुठीच्या वरच्या भागात असते.

स्लाइड मागे ओढली की सिलिंडर तिच्याबरोबर मागे सरकते आणि दट्ट्यालाही मागे रेटते. स्प्रिंग दबत जाते. ओढीच्या शेवटी दट्ट्याच्या खाचेत खिटी अडकते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. आता दट्ट्या मागेच राहतो, पण स्लाइड पुढे नेली की सिलिंडर तिच्यासोबत पुढे जाते. अशा रचनेत सिलिंडरात हवा भरते ती या पुढच्या प्रवासात. मागे ओढताना फक्त स्प्रिंग दबते. याच प्रवासात नोझल मॅगझिनच्या तोंडाशी आलेल्या छर्ऱ्यांपैकी वरचा एक पुढे ढकलून रबरी कोठीत बसवते आणि स्वतः त्या रबरावर टेकून हवेची वाट बंद करते. स्लाइड पूर्ण पुढे गेली नसेल तर नोझल नीट टेकत नाही, म्हणून चांगल्या बनावटीत तोवर चापाचा दांडा खिटीपर्यंत पोचूच देत नाहीत.

चाप ओढला की खिटी खाली सरकते, दट्ट्या सुटतो, हवा नोझलमधून झेपावते आणि छर्रा नळीत शिरतो. पाठोपाठ दट्ट्या सिलिंडरच्या पुढच्या भिंतीवर आदळतो. या खेळण्याचा जो आवाज ऐकू येतो, त्याचा मोठा वाटा या आदळण्याचाच असतो.

ऊर्जेचा हिशोब : आकडे घालून पाहिले की या यंत्रातली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते उमगते. १ मिमी. जाडीच्या पोलादी तारेची, १० मिमी. सरासरी व्यासाची आणि ३३ कार्यकारी वेढ्यांची स्प्रिंग घेतली, तर तिचा ताठरपणा मीटरला सुमारे ३०० न्यूटन येतो. ती बसवतानाच २० मिमी. दाबलेली असते, दट्ट्या मागे ओढला की आणखी ४० मिमी. दबते. म्हणजे हाताला सुरुवातीला ६ न्यूटन आणि शेवटी १८ न्यूटन जोर लागतो आणि या प्रवासात सुमारे ०.४८ जूल ऊर्जा जमा होते.

बसवताना दिलेला तो २० मिमी.चा आगाऊ दाब महत्त्वाचा. तो नसेल, तर दट्ट्याच्या धावेच्या शेवटी, नेमक्या हवा दाबण्याच्या वेळी, स्प्रिंगचा जोर शून्यावर येईल आणि दट्ट्या केवळ मिळालेल्या वेगावर पुढे जाईल. तारेची जाडी हा तर फार नाजूक मामला आहे. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे तार १० टक्क्यांनी जाड केली की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्क्यांनी कडक होते. वेढ्यांचा व्यास वाढवला तर परिणाम उलट होतो आणि तोही घनाच्या प्रमाणात.

या ०.४८ जूलपैकी छर्ऱ्याला साधारण निम्मी ऊर्जा मिळाली, असे धरू. ०.२ ग्रॅमचा छर्रा ०.२५ जूल ऊर्जेने निघाला तर त्याचा वेग सेकंदाला ५० मीटर असतो. १०० मिमी. नळीतला त्याचा प्रवास अवघ्या ४ मिलिसेकंदांत संपतो. उरलेली ऊर्जा रबरी कडीच्या घर्षणात, हवा तापण्यात, फटींतून निसटणाऱ्या झोतात आणि दट्ट्याच्या आदळण्यात खर्ची पडते. तेवढ्याच ऊर्जेने ०.१२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे ६४ मीटर वेगाने निघेल. पण हलका असल्यामुळे हवेच्या विरोधापुढे तो लवकर मंदावतो आणि वाऱ्याने भरकटतो.

दाबाचा अंदाजही घेता येतो. १६ मिमी. व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौ. सेंमी. असते. त्यावर १८ न्यूटन जोर पसरला की वातावरणाहून सुमारे ०.९ बार जास्त दाब होतो. दट्ट्याला वेग आल्यावर तो क्षणभर याहून वर चढू शकतो. सायकलच्या टायरमध्ये याहून बराच जास्त दाब असतो. एवढ्याशा दाबावर काम चालते, म्हणूनच सिलिंडर प्लॅस्टिकचे चालते.

सिलिंडर आणि नळी यांचे नाते : वरच्या उदाहरणात सिलिंडरचे घनफळ ८ घ. सेंमी. भरते. ६.०८ मिमी. आतल्या व्यासाच्या १०० मिमी. नळीचे घनफळ २.९ घ. सेंमी. आहे. म्हणजे नळीच्या पावणेतीनपट हवा हाताशी आहे आणि छर्रा बाहेर पडेपर्यंत त्याच्यामागे दाब टिकतो. हौशी लोक पल्ला वाढेल या आशेने लांब नळी बसवतात. हीच नळी ३०० मिमी. केली तर तिचे घनफळ ८.७ घ. सेंमी. होईल. दट्ट्या पुढे पोचला तरी छर्रा नळीतच असेल, त्याच्यामागे पोकळी तयार होऊ लागेल आणि तो बाहेर पडण्याआधीच मंदावेल. नळी लांब झाली म्हणजे पल्ला वाढतो, हे इथे खरे ठरत नाही. सिलिंडर आणि नळी जोडीनेच ठरवावी लागतात.

हवाबंदपणा : माझ्या मते या पिस्तुलाचे खरे कौशल्य इथे आहे. हवा निसटायला तीन जागा असतात : दट्ट्याची कडी, नोझल आणि रबरी कोठी यांचा सांधा, आणि छर्रा व नळी यांमधली फट. दट्ट्याच्या डोक्यावरच्या खाचेत रबरी ओ-रिंग बसते. ती घट्ट असेल तर घर्षण वाढून वेग घटतो, सैल असेल तर हवा मागे जाते. काही दट्ट्यांच्या डोक्यात बारीक भोके ठेवून आतली हवा ओ-रिंगच्या पाठीमागे पोचवतात. त्यामुळे दाब वाढताच कडी आपोआप फुगून भिंतीला चिकटते आणि मागे येताना सैल पडते. साधीच युक्ती, पण विलक्षण सुरेख.

छर्ऱ्याचा व्यास साधारण ५.९५ मिमी. असतो. ६.०८ मिमी. नळीत त्याच्याभोवती उरणारी फट नळीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे ४ टक्के भरते, ६.०३ मिमी. नळीत ती अडीच टक्क्यांच्या आसपास येते. पण ही फट पूर्ण बुजवून चालत नाही, कारण छर्ऱ्यावरचा शिवणीचा कंगोरा किंवा धुळीचा कण आला तर तो नळीत अडकतो.

शिसाच्या गोळ्या मारणारी स्प्रिंगची एअरगन आणि हे खेळणे यांच्यातला मुख्य फरकही यातूनच निघतो. एअरगनमध्ये मऊ शिसाची गोळी नळीच्या आट्यांत (आतल्या सर्पिल खाचांत) घट्ट बसते, त्यामुळे ती हलण्याआधी दट्ट्या जवळजवळ पूर्ण पुढे येऊन हवा प्रचंड दाबली जाते. खेळण्यात छर्ऱ्याला फक्त मऊ रबराच्या ओठाने थोपवलेले असते. दाब जरा वाढताच तो निघतो आणि दट्ट्या त्याच्या पाठीमागे येत राहतो. खेळण्याची स्प्रिंग कडक केली म्हणून त्याची एअरगन होत नाही. आधी खिटी आणि दट्ट्याच मोडतात.

खिटी आणि चाप : अख्ख्या यंत्राची ओढ एका छोट्या कडेवर पेललेली असते. दट्ट्याची खाच आणि खिटीचे नाक १ ते २ मिमी.नेच एकमेकांत अडकतात. त्यांचे टेकणारे पृष्ठभाग किंचित आत कललेले ठेवतात, म्हणजे स्प्रिंगच्या ओढीने खिटी सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसते. हा कल जास्त झाला तर चाप जड होतो; उलटा झाला तर धक्क्यानेच पिस्तूल सुटते. म्हणून कवच आणि चाप प्लॅस्टिकचे ठेवले, तरी खिटी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओततात. तिची कड झिजून गोल झाली की पिस्तूल ओढीवर टिकत नाही, ‘धरत नाही’. जुन्या पिस्तुलांचे हे नेहमीचे दुखणे. सुरक्षा-खटका बहुतेक वेळा फक्त चाप अडवतो, खिटीला नव्हे. ओढून ठेवलेले पिस्तूल खटका लावला तरी खाली पडल्यावर सुटू शकते, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

फिरकी : फिरकी न देता सोडलेला छर्रा खांद्याच्या उंचीवरून अर्ध्या सेकंदात जमिनीला लागतो. तो दूर जावा म्हणून कोठीच्या छतातून रबराचा एक लहानसा उंचवटा नळीत डोकावू देतात. त्याला घासून जाताना छर्ऱ्याचा वरचा भाग मागे खेचला जातो आणि छर्ऱ्याला मागच्या दिशेने फिरकी मिळते. फिरत्या गोलाच्या वरून जाणारी हवा वेगाने व खालून जाणारी हळू वाहते, झोत खाली वळतो आणि छर्ऱ्याला वरच्या दिशेने उचल मिळते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख गुस्टाफ मॅग्नस यांनी १८५२ मध्ये त्याचा अभ्यास केला. ०.२ ग्रॅमच्या छर्ऱ्याचे वजन जेमतेम ०.००२ न्यूटन असल्यामुळे थोडी उचलही त्याला बराच वेळ सरळ रेषेत ठेवते. उंचवटा जास्त खाली आला तर छर्रा वर उसळतो आणि ऊर्जाही वाया जाते. स्वस्त पिस्तुलांत हा उंचवटा कायमचा बसवलेला असतो, चांगल्यांत स्क्रूने किंवा चाकाने कमीजास्त करता येतो.

फोमच्या तीरांचा प्रकार : दट्ट्या आणि सिलिंडर तसेच, पण छर्ऱ्याच्या जागी सुमारे १३ मिमी. जाडीचा, रबरी टोकाचा, १ ग्रॅमच्या आसपासचा पोकळ तीर. अनेक पिस्तुलांत तो आतल्या बारीक दांडीवर सरकवून बसवतात. जुन्या पिस्तुलांत हवेच्या वाटेत एक झडप असते. तीर बसला की त्याच्या दाबाने झडप उघडते. तीर नसेल तर वाट अरुंद राहते. त्यामुळे नळीत पेन्सिल किंवा खडा घालून मारता येत नाही आणि रिकाम्या ओढीत दट्ट्यापुढे हवेची उशी राहून तो जोरात आदळत नाही. एका झडपेत दोन्ही कामे साधणारी ही रचना मला या खेळण्यातली सर्वांत शहाणपणाची वाटते.

इतिहास : बुचाची बंदूक, म्हणजे नळीत दट्ट्या रेटून बूच उडवणे, हे याचे साधे पूर्वरूप. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लिमथ येथील पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीने १८८८ मध्ये क्लॅरेन्स हॅमिल्टन यांच्या आराखड्याची धातूची स्प्रिंग-हवाई बंदूक हाती घेतली. ती इतकी खपली की १८९५ मध्ये कंपनीचे नावच ‘डेझी’ झाले. ६ मिमी. प्लॅस्टिक छर्ऱ्यांची पिस्तुले १९७०च्या दशकानंतर जपानमध्ये रुजली, कारण तिथले शस्त्रकायदे फार कडक आहेत.

ऊर्जेच्या मर्यादा : कठीण आणि मऊ टोक नसलेल्या गोळीसाठी युरोपीय खेळणी-मानक ईएन ७१-१ मध्ये ०.०८ जूल ही मर्यादा आहे. ०.१२ ग्रॅमच्या छर्ऱ्याला ती सेकंदाला सुमारे ३६ मीटर पडते. जपानच्या २००६ च्या कायद्याने ६ मिमी. छर्ऱ्यांसाठी ०.९८ जूल ही मर्यादा घातली. तिच्यापुढचे उपकरण खेळणे राहत नाही. वर हिशोबाला घेतलेले ०.२५ जूलचे पिस्तूल युरोपीय मर्यादेच्या तिपटीवर जाते, म्हणजे ते लहान मुलांच्या हाती देण्याजोगे नाही. डोळ्याला तर याहून कितीतरी कमी ऊर्जाही इजा करते. म्हणून छर्ऱ्यांचे पिस्तूल संरक्षक चष्म्याशिवाय वापरू नये आणि ते रिकामे आहे असे समजून कोणावर रोखू नये. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार अशा खेळण्यांच्या नळीच्या तोंडाशी भडक नारिंगी खूण सक्तीची आहे, जेणेकरून खऱ्या पिस्तुलाशी घोटाळा होऊन कोणाचा जीव जाऊ नये. ती खूण खरवडणे किंवा रंगवणे अत्यंत धोक्याचे आहे.

निगा : ओ-रिंगला सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब पुरतो, खनिज तेलाने काही रबरे फुगतात आणि प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. फिरकी देणाऱ्या रबराला तेल लागले तर पकड जाते आणि छर्रे वेडेवाकडे उडतात, म्हणून नळी कोरड्या कापडाने पुसतात. जमिनीवरून वेचलेले छर्रे पुन्हा भरत नाहीत, कारण ओरखडलेला छर्रा नळीही ओरखडतो. पिस्तूल ठेवून देताना मॅगझिन काढून, कोठी रिकामी करून आणि स्प्रिंग सोडून ठेवतात; ओढून ठेवलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने दबून राहिली तर तिची लांबी कमी होते आणि खिटीच्या कडेवरही विनाकारण ताण राहतो.