संगणकाची उसळीजन्य हानी : निदान व प्रतिबंध

वीजपुरवठ्याचा किंवा संदेशवाहक तारांचा दाब क्षणभर प्रमाणाबाहेर चढल्यामुळे संगणकाच्या मंडलांना होणारी इजा. ‘हाय व्होल्टेज आला’, ‘बोर्ड उडाला’ अशा बोलण्यात तीन निराळ्या घटना एकत्र होतात. खरी उसळी (सर्ज) काही मायक्रोसेकंद, फार तर मिलिसेकंदाच्या आसपास टिकते. तिचे शिखर हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकते. दुसरी घटना फुगवट्याची (स्वेल). फुगवटा अर्ध्या आवर्तनापासून मिनिटभर राहतो आणि त्यात दाब काही पटींनी नव्हे, तर साधारण १० ते ८० टक्क्यांनी वाढतो. तिसरी घटना टिकाऊ अतिदाबाची. त्रिकला (थ्री-फेज), चौतारी वितरणात न्यूट्रल, म्हणजे परतीची सामाईक तार, तुटली की कमी भार असलेल्या कलेवर (फेजवर) २३० व्होल्टऐवजी जवळजवळ ४०० व्होल्टपर्यंत दाब येतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. उसळीसाठी बसवलेला संरक्षक घटक टिकाऊ अतिदाबात स्वतःच तापून जळतो.

उगम : उसळ्या दोन प्रकारे उद्भवतात. एक विजेच्या कडकडाटाने, म्हणजे थेट आघाताने, लाइनीवरून वाहून येऊन किंवा तारांच्या वेटोळ्यात प्रवर्तनाने. दुसरा प्रकार उघडझापीचा (स्विचिंगचा) : मोटारी, कॉम्प्रेसर, वितरणातील धारित्र-संच (कपॅसिटर बँक) चालू-बंद होताना. यांपैकी कोणता वाटा मोठा, यावर मतभेद आहेत. बहुतांश उसळ्या इमारतीच्या आतच जन्मतात, असे विधान संरक्षक उपकरणांच्या विक्रीसाहित्यात टक्केवारीसह आढळते. मोजमापांचा आधार मात्र मर्यादित आहे. फ्रान्स्वा मार्ट्झलोफ व हान या संशोधकांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींत काही घरांतील वारंवार येणाऱ्या उसळ्या त्याच घरातील उपकरणांशी जोडता आल्या. सर्वांत उंच शिखरे मात्र विजेच्या वादळांच्या वाट्याला जातात. बऱ्याच उसळ्या एकदिश नसून थरथरत विरणाऱ्या असतात, हेही त्याच कामातून पुढे आले. विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संघटनेच्या १९८० च्या ‘आयट्रिपलई ५८७’ या मार्गदर्शिकेत १००किलोहर्ट्‌झचा कंपित तरंग त्यामुळेच आला. अंतर्गत तारांसाठी धरलेली ६,००० व्होल्टची मर्यादाही तिथलीच. साधारण या दाबाला सॉकेट-स्विचांच्या फटींत ठिणगी पडते. पुढच्या काळातील सर्वेक्षणांत सॉकेटवरील शिखरे ठेंगणी दिसतात. त्यावरून उसळ्या कमी झाल्या असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. घरोघरच्या उपकरणांतील व्हॅरिस्टर, म्हणजे दाब चढताच वाहू लागणारे संरक्षक घटक, हेच ती शिखरे छाटतात, हे मार्ट्झलोफ यांचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

व्हॅरिस्टर : संरक्षणाचा कणा म्हणजे झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर (एमओव्ही). त्याचे श्रेय सामान्यतः जपानच्या मात्सुशिता कंपनीतील मिचिओ मात्सुओका यांना दिले जाते. काम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीचे, प्रसिद्ध शोधनिबंध १९७१ चा. सोव्हिएत संघात कोस्मान यांच्या गटाने अशा मृत्तिका (सिरॅमिक) पदार्थांतील अरेखीय वहन, म्हणजे दाबाच्या प्रमाणाबाहेर वाढणारा प्रवाह, काही वर्षे आधी नोंदवले, असाही दावा आहे. उपयोगी घटकाचा प्रसार मात्र जपानी कामातून व त्यानंतर जनरल इलेक्ट्रिकच्या उत्पादनातून झाला. आधीच्या सिलिकॉन कार्बाइडमध्ये दाब दुप्पट झाला की प्रवाह साधारण तीसपट होई. झिंक ऑक्साइडमध्ये तो कोट्यवधी पटींनी वाढू शकतो. पदार्थाच्या दोन सूक्ष्म कणांमधील प्रत्येक सीमेवर सुमारे ३ व्होल्टचा अडसर असतो, म्हणून चकतीची जाडी दाब ठरवते. प्रत्येक मोठी उसळी त्यातील काही सीमा थोड्याफार बिघडवते, गळती वाढते आणि शेवटी चकती आपोआप तापत जाते. त्यामुळे सोबत उष्णता-विच्छेदक असणे अत्यावश्यक आहे. छाटणीचा दाब (ज्यावर चकती वाहू लागते तो) जितका कमी तितके उत्तम, हा समजही तपासून पाहावा. फार खालच्या दाबाची चकती साध्या फुगवट्यातही वाहू लागते आणि लवकर म्हातारी होते.

निदान : संगणकात उसळीला दोन दारे असतात, वीजपुरवठा आणि संदेशवाहिन्या. कोणते दार जळाले हे आधी पाहावे. नेटवर्कचे पोर्ट निकामी, पुरवठा शाबूत, अशी स्थिती असेल तर उसळी मुख्य लाइनीवरून आली असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळदा दोन तारांचे भूसंदर्भ (अर्थिंगच्या पातळ्या) क्षणभर वेगळे झालेले असतात आणि तो फरक यंत्राच्या आतून मिटवला जातो.

पुरवठ्यात फ्यूजची काच काळी पडली असेल, तर पुढे ठार शॉर्ट आहे. एकदिशकारक पूल (ब्रिज रेक्टिफायर) किंवा उघडझाप करणारा ट्रान्झिस्टर हे नेहमीचे संशयित. ट्रान्झिस्टर न तपासता फ्यूज बदलला तर दुसराही तत्काळ जातो. काच स्वच्छ राहून तार नुसती तुटली असेल, तर कारण सौम्य असू शकते. व्हॅरिस्टरच्या चिरफळ्या उडाल्या असतील, तर मोठी उसळी किंवा न्यूट्रल-दोष यांचा संशय घ्यावा. दुसरी शक्यता शेजारच्या दिव्यांची व पंख्यांची चौकशी केल्यास लगेच कळते. २३० व्होल्ट पुरवठ्याचा शिखरदाब ३२५ व्होल्ट असतो आणि प्राथमिक धारित्र (कपॅसिटर) प्लग काढल्यावरही तो दाब धरून राहू शकते. त्यामुळे पुरवठ्याची पेटी उघडणे हे जाणकाराचेच काम आहे.

एटीएक्स (टेबलावरील संगणकांच्या प्रचलित प्रकारच्या) पुरवठ्यात जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट सतत असतो. तो असेल आणि हिरवी तार काळीशी जोडल्यावर पंखा फिरत असेल, तर पेटी बहुधा शाबूत आहे. मात्र भाराविना मिळालेली आकडेवारी फसवी असते. मुख्य वाहिन्यांची मुभा ५ टक्के, म्हणजे १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६. त्यानंतर बोर्ड, प्रोसेसर व एकच मेमरी ठेवून पारख करावी आणि एकेक भाग परत जोडावा. संशयित पेटीवर चांगला बोर्ड लावू नये. हार्ड डिस्कच्या मंडल-पट्टीवर (सर्किट बोर्डवर) ५ व १२ व्होल्टसाठी दाबरोधक डायोड असतात. ते अतिदाबात शॉर्ट होऊन आतील माहिती वाचवतात, त्यामुळे डिस्क ‘मेली’ म्हणून टाकून देणे चुकीचे. अलीकडच्या बनावटीच्या डिस्कला दुसरी पट्टी लावताना त्या विशिष्ट डिस्कच्या जुळणीची माहिती असलेली चिप जुन्या पट्टीवरून नवीवर हलवावी लागते. तात्काळ न दिसता महिन्यांनी उघडी पडणारी सुप्त हानी शक्य मानली जाते.

प्रतिबंध : फ्यूज व एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) मिलिसेकंदांत चालतात, म्हणून ते उसळी अडवत नाहीत. रिले-चलित स्टॅबिलायझरही नाही. साध्या ऑफलाइन यूपीएसचे संरक्षण आतील व्हॅरिस्टरपुरतेच. मुख्य फळ्यावर मोठा संरक्षक व यंत्राजवळ लहान, अशी पायरीपद्धती आयईसी ६१६४३-११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वर्गांशी जुळते. जोडतारांची लांबी निर्णायक ठरते. सरळ तारेचे प्रवर्तकत्व मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते आणि प्रवाह मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर वेगाने वाढला, तर प्रत्येक मीटर १,००० व्होल्टची भर घालतो. अर्धा मीटर ही कमाल मर्यादा पाळावी. संगणकाला येणाऱ्या वीजतारा, नेटवर्क व दूरध्वनी यांचे संरक्षक एकाच जागी, एकाच अर्थिंगला बांधावेत. दूरध्वनीसाठी वेगळा खड्डा खणणे म्हणजे वर सांगितलेला भूसंदर्भाचा फरक हाताने निर्माण करणे होय. इमारतींमधल्या जोडणीला तांब्याऐवजी प्रकाशतंतू उत्तम. इथरनेटच्या (तारेच्या नेटवर्कच्या) पोर्टांतील रोहित्रांचे (ट्रान्सफॉर्मरांचे) अलगीकरण मानकानुसार १,५०० व्होल्टपर्यंतच तपासलेले असते. वादळ येताना प्लग व नेटवर्कची तार दोन्ही काढावीत. मागील स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण त्याच्या फटीवरून ठिणगी उडू शकते.